विंडोजवरच अडकणारी टेस्ट: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या टीममध्ये मी टेस्टिंगचं काम पाहते. ठेवी, कर्ज, पिग्मी, पासबुक, खातेउतारे असा सगळा पसारा. संस्थांची आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच आहे.

आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स. शाखांमध्ये मात्र झाडून सगळीकडे विंडोज. त्यामुळे टेस्ट, म्हणजे आमचा कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, दोन्हीकडे चालवायच्या हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्यासाठी ऑफिसच्या कोपऱ्यात एक विंडोजचं मशीन ठेवलं होतं आणि ते गिटहब ॲक्शन्सला, म्हणजे टेस्ट आपोआप चालवून देणाऱ्या सेवेला, जोडलेलं होतं. दिवसा प्रत्येक बदलानंतर एक फेरी व्हायची. रात्री एक मोठी फेरी, डीबग लॉग (प्रोग्रॅम काय करतोय याची बारीकसारीक नोंद) चालू ठेवून, म्हणजे काही बिघडलंच तर सकाळी वाचायला भरपूर मजकूर मिळेल.

खातेउतारा काढणारा भाग हा वेगळा प्रोग्रॅम आहे. मुख्य प्रोग्रॅम त्याला सुरू करतो, तो संपायची वाट पाहतो आणि मग त्याने काय छापलं ते वाचतो. लिनक्सवर हा उताऱ्याचा प्रोग्रॅम थेट सुरू होतो. विंडोजवर मध्ये एक बॅच फाइल होती, म्हणजे विंडोजच्या आज्ञांची छोटी फाइल, पाथ (फायली कुठे आहेत ते पत्ते) वगैरे लावून देणारी. या बॅच फाइलकडे तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं.

अडचण

एका सकाळी आलो तर रात्रीची विंडोजवरची फेरी अजून ‘चालू’ दिसत होती. लिनक्सवर तीच फेरी काही मिनिटांत हिरवी, म्हणजे पास, होऊन गेली होती. गिटहब ॲक्शन्समध्ये आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर एका जॉबला, म्हणजे अशा एका फेरीला, ३६० मिनिटं मिळतात. आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे ६ तास मशीन नुसतं थांबून राहिलं आणि मग जॉब रद्द झाला. लॉगमध्ये कुठली टेस्ट अडकली याचा पत्ता नाही, कारण टेस्ट समांतर चालत होत्या आणि आमच्या मांडणीत टेस्टचं नाव ती संपल्यावरच छापलं जायचं. जी संपलीच नाही तिचं नाव येणार कुठून?

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही. दिवसाच्या फेऱ्या मात्र दोन्हीकडे सुरळीत.

लाल झालेली टेस्ट निदान बोलते: अपेक्षा काय होती, मिळालं काय, कुठल्या ओळीवर. अडकलेली टेस्ट काहीच सांगत नाही. त्यामुळे जो तो आपापल्या मनातलं कारण तिला चिकटवतो. आमच्याकडे सर्वांत आधी चिकटलं ते अँटिव्हायरस. ‘रात्री त्याचं स्कॅन सुरू होतं, फायली धरून ठेवतो, म्हणून अडकतं,’ असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. रात्रीच अडकतं, विंडोजवरच अडकतं, दोन्ही गोष्टी जुळत होत्या. स्कॅनची वेळ बदलण्यात, फोल्डर वगळण्यात, मशीन अद्ययावत करण्यात ४ दिवस गेले. रात्रीची फेरी अडकतच राहिली.

रात्रीच्या आणि दिवसाच्या फेरीत घड्याळाखेरीज आणखी एक फरक होता, डीबग लॉगचा. तो आम्हीच केलेला होता आणि चारही दिवस कुणाला आठवला नाही.

समोर असलेले पर्याय

पाचव्या दिवशी आम्ही बसलो तेव्हा ग्राहकाला द्यायची आवृत्ती तोंडावर आली होती. फळ्यावर जे पर्याय आले ते सगळे शहाण्या माणसांनी मांडलेले होते, आणि प्रत्येकामागे खरी घाई होती.

पहिला, जॉबला २० मिनिटांची मर्यादा घालायची. यावर वाद नव्हता, तिथल्या तिथे घातली. पण त्याने ६ तासांचं नुकसान थांबलं, एवढंच.

दुसरा, अपयशी टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारं प्लगइन लावायचं. इथे त्याचा काही उपयोग नव्हता. पुन्हा चालवायला आधी अपयश यावं लागतं आणि आमची टेस्ट अपयशापर्यंत पोचतच नव्हती.

तिसरा, पायटेस्टसाठीचं (पायथन भाषेतल्या टेस्ट चालवणारं साधन) पायटेस्ट-टाइमआउट हे प्लगइन लावून प्रत्येक टेस्टला वेळेची मर्यादा द्यायची. लिनक्सवर हे प्लगइन अलार्मच्या सिग्नलवर चालतं, तेवढी एक टेस्ट पडते आणि पुढच्या चालू राहतात. विंडोजवर तो सिग्नलच नाही. तिथे ते वेगळा थ्रेड वापरतं, आणि वेळ संपली की स्टॅक (प्रोग्रॅम त्या क्षणी कुठल्या ओळीवर आहे ते) छापून पायथनची अख्खी प्रक्रियाच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमच, बंद करतं. म्हणजे उरलेल्या टेस्ट बुडाल्या आणि अहवालही गेला. तरी ६ तास गप्प बसण्यापेक्षा ते बरंच.

चौथा, अडकणारी टेस्ट सापडली की ती विंडोजवर स्किप करायची, म्हणजे न चालवता सोडून द्यायची. टीमलीडचा कल इकडे होता. ‘एकदा रिलीज जाऊ दे, मग निवांत बघू,’ असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, ‘सर, आपल्या सगळ्या शाखा विंडोजवर आहेत. लिनक्सवर ही टेस्ट चालली काय नि न चालली काय, शाखेला फरक पडत नाही. स्किप करायचीच तर उलट लिनक्सवर करावी लागेल.’ त्यांनी दोन दिवस दिले.

पाचवा पर्याय दुसऱ्या दिवशी पुढे आला. तो मला आजही सगळ्यांत जास्त टोचतो. त्याकडे येतेच.

पहिला दिवस: कोण कुणासाठी थांबलंय

समांतर चालवणं बंद केलं आणि टेस्टचं नाव ती सुरू होतानाच छापायला लावलं. पायटेस्टमध्ये ५.० पासून फॉल्टहँडलर आतच येतो. त्याला ठरावीक सेकंद दिले, की तेवढ्या वेळात टेस्ट संपली नाही तर तो सगळ्या थ्रेडचे स्टॅक छापतो आणि टेस्टला हात लावत नाही. आम्ही १२० सेकंद दिले. डीबग लॉग चालू ठेवून विंडोजवर फेरी लावली आणि चहा येईपर्यंत उत्तर स्क्रीनवर होतं.

टेस्ट खातेउताऱ्याची होती. मुख्य प्रक्रिया ‘वेट’वर उभी होती, म्हणजे उताऱ्याचा प्रोग्रॅम संपायची वाट पाहत. ही झाली एक बाजू. तो प्रोग्रॅम का संपत नाही, हे त्याच्याच आत डोकावल्याशिवाय कळणार नव्हतं.

त्यातही फॉल्टहँडलर बसवला. पण त्याच्याकडून एक अक्षर आलं नाही. इथे अर्धा दिवस गेला. नंतर उलगडलं की फॉल्टहँडलर स्टॅक लिहितो एररच्या प्रवाहावर (प्रोग्रॅम चुका आणि सूचना बाहेर पाठवतो तो मार्ग), आणि तोच प्रवाह तुंबलेला होता. गुदमरलेल्या माणसाला हाक मारायला सांगावं तसं आम्ही करत होतो. स्टॅक वेगळ्या फाइलीत लिहायला लावल्यावर चित्र पूर्ण झालं: उताऱ्याचा प्रोग्रॅम लॉगची एक ओळ लिहिता लिहिता थांबला होता.

दोन प्रक्रियांमध्ये पाइप असतो आणि त्याची साठवण मर्यादित असते. लिहिणारा लिहीत राहिला आणि वाचणारा वाचत नसला, तर पाइप भरतो आणि लिहिणारा जागा होईपर्यंत थांबतो. आमचा मुख्य प्रोग्रॅम म्हणत होता, ‘तू संपलास की मी वाचतो.’ उताऱ्याचा प्रोग्रॅम म्हणत होता, ‘तू वाचलंस की मी संपतो.’ पायथनच्या अधिकृत माहितीत ‘वेट’च्या वर्णनाखाली नेमका हाच इशारा दिलेला आहे आणि त्याऐवजी वाचत वाचत थांबणारं ‘कम्युनिकेट’ वापरा असं सांगितलेलं आहे. आमचा कोड बरीच वर्षं तसाच होता आणि चालतही होता.

चालत होता, कारण लिनक्सवर पाइपमध्ये ६४ किलोबाइट मावतात. विंडोजवर आकार न सांगता पाइप बनवला तर साधारण ४ किलोबाइट. पायथन तिथे आकार सांगत नाही.

दुसरा दिवस: नावांचं वजन

आता हेच लिनक्सवर घडवून दाखवायचं होतं, म्हणजे दुरुस्ती सगळ्यांना आपापल्या लॅपटॉपवर तपासता आली असती. पायथन ३.१० पासून ‘पॉपेन’ला, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सोयीला, पाइपचा आकार देता येतो. ही सोय फक्त लिनक्सवर चालते आणि आम्हाला हवी होती तीही तिथेच. आकार ४०९६ बाइट दिला, टेस्ट चालवली. अडकेल असं धरून बसलो होतो. हिरवी झाली.

इथे सहज सोडून देता आलं असतं. विंडोजवर कारण सापडलं होतं, दुरुस्तीही माहीत होती. पण आकार तोच, मजकूर तोच, आणि निकाल वेगळा, ही गोष्ट मला झोपू देईना. सकाळी दोन्हीकडचा लॉग फाइलीत काढला आणि फायलींचे आकार पाहिले. लिनक्सवर ३,६४० बाइट. विंडोजवर ६,०८०. ओळी दोन्हीकडे ४०च.

फाइल उघडल्यावर दिसलं. लिनक्सवर खातेदाराचं नाव देवनागरीत होतं. विंडोजवर त्याच जागी बॅकस्लॅश, यू आणि ४ आकडे, अशी रांगच्या रांग. विंडोजवर पायथनचा प्रवाह पाइपला जोडलेला असला की तो यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत) न वापरता मशीनचं जुनं कोडपेज, म्हणजे मोजक्याच अक्षरांचा तक्ता, वापरतो. आमच्या मशीनवर ते १२५२ होतं, आणि त्यात देवनागरी नाही. साध्या आउटपुटच्या प्रवाहावर हे झालं असतं तर पायथनने तिथेच चूक दाखवली असती. पण एररचा प्रवाह कधी फुटू नये म्हणून त्याला वेगळा नियम आहे: जे अक्षर लिहिता येत नाही त्याचा संकेतांक लिहायचा. लॉग डिफॉल्टने याच प्रवाहावर जातो. म्हणून चूक आली नाही. नावं फक्त फुगली.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. युनिकोडमध्ये जोडाक्षरं फोडून मोजलं तर यात १० चिन्हं होतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, म्हणजे ३०. संकेतांक लिहून प्रत्येकी ६, म्हणजे ६०. रोमनमध्ये तेच नाव ११ अक्षरांत आणि ११ बाइटमध्ये बसतं.

आमच्या जुन्या टेस्टमध्ये खातेदारांची नावं रोमनमध्येच होती. एका शाखेतून तक्रार आली होती की उताऱ्यावर जोडाक्षरं तुटतात. म्हणून माझ्या एका सहकारी मैत्रिणीने काही आठवड्यांपूर्वी मराठी नावांचा नवा संच बनवला होता, नाव आणि गाव दोन्ही देवनागरीत. रोमन नावांचा लॉग विंडोजवरही ४ किलोबाइटच्या आत राहायचा. नंतर रात्रीच्या फेरीचा डीबग लॉग उताऱ्याच्या प्रोग्रॅमलाही लागू झाला आणि दोन बदल एकत्र आले. लिनक्सवर कोडपेज १२५२ लावून आणि पाइप ४०९६चा करून टेस्ट चालवली. अडकली. इतक्या आनंदाने अडकलेली टेस्ट मी कधी पाहिली नव्हती.

निर्णयाचा क्षण

पाचवा पर्याय आला तो याच वेळी. ‘मग सोपंय की. टेस्टमधली नावं पुन्हा इंग्रजीत करा. लॉग लहान होईल, अडकणार नाही.’

हे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. ५ मिनिटांचं काम, रात्रीची फेरी हिरवी, रिलीज वेळेवर. सुचवणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. पण ज्या पतसंस्थांच्या वह्यांत एकही नाव इंग्रजीत नाही, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही इंग्रजी नावांवर तपासून ‘पास’ म्हणणार होतो. मराठी नावांचा संच आला म्हणून तर हा दोष दिसला. आधीही तो होताच, आम्ही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतो.

नावं तशीच ठेवायची, हे बैठकीत ठरायला तासभर लागला. कौल कशाने फिरला तर माझ्या युक्तिवादाने नव्हे, सपोर्टच्या ताईंच्या एका वाक्याने. त्या सहज ऐकायला येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे उतारा काढताना प्रोग्रॅम अडकतो ते हेच का? आपण त्यांना डीबग लॉग चालू करायला सांगतो आणि त्यानंतर तर जास्तच अडकतं.’

मुख्य प्रोग्रॅमचा कोड उघडून पाहिला. टेस्टमध्ये जो ‘वेट, मग वाचा’ प्रकार होता तो मुळात तिथूनच उचललेला होता. शाखांमधून ‘उतारा काढताना हँग होतो’ अशा तक्रारी काही महिने येत होत्या. मशीन जुनं असेल, बंद करून चालू करा, असं सांगून आम्ही त्या मिटवल्या होत्या. वर तपासासाठी डीबग लॉग चालू करायला सांगून त्याच शाखा अडकवत होतो. हे ऐकून खोलीत काही वेळ कुणी बोललं नाही.

काय केलं

मुख्य प्रोग्रॅममध्ये आणि टेस्टमध्ये ‘वेट’ काढून ‘रन’ आणलं. ते दोन्ही प्रवाह वाचत वाचतच थांबतं, त्यामुळे पाइप तुंबत नाही. उताऱ्याच्या प्रोग्रॅमला पायथनचा यूटीएफ-८ मोड लावून दिला, ती सोय ३.७ पासून आहे. डीबग लॉग एररच्या प्रवाहावरून काढून स्वतंत्र फाइलीत वळवला. आणि उताऱ्याला ३० सेकंदांची मर्यादा दिली. तेवढ्यात झाला नाही तर शाखेतल्या माणसाला निदान स्पष्ट निरोप दिसावा.

या मर्यादेसाठी एक टेस्ट लिहिली: मुद्दाम १० मिनिटं झोपणारा खोटा उतारा-प्रोग्रॅम, ५ सेकंदांची मर्यादा, आणि ५ सेकंदांत चूक यायला हवी ही अपेक्षा. लिनक्सवर ५ सेकंदांत आली. विंडोजवर यायला बरोबर १० मिनिटं लागली.

अडकण्याचा कालावधी जेव्हा आपल्याच कोडमधल्या एखाद्या आकड्याशी तंतोतंत जुळतो, तेव्हा मशीनला दोष द्यायला जागा उरत नाही. मर्यादा संपल्यावर ‘रन’ आपण सुरू केलेल्या प्रक्रियेला मारतं. पुढे लिनक्सवर ते फक्त ती संपल्याची खात्री करतं. विंडोजवर मात्र उरलेला मजकूर गोळा करायला पुन्हा पाइप वाचायला बसतं, आणि पाइप धरून ठेवणारी शेवटची प्रक्रिया जाईपर्यंत ते वाचन संपत नाही. आम्ही सुरू केलेली प्रक्रिया होती बॅच फाइल चालवणारा कमांड प्रॉम्प्ट. तो मेला. त्याने पुढे सुरू केलेला उतारा-प्रोग्रॅम पाइपचं टोक हातात धरून झोपलेलाच राहिला.

इथे तीन वाटा होत्या. पहिली, ‘टास्ककिल’ या विंडोजच्या आज्ञेने बापापासून (सुरू करणाऱ्या प्रक्रियेपासून) खालचं सगळं झाड मारायचं, पण ते बाप जिवंत असतानाच करावं लागतं, तो गेला की मुलांचा माग लागत नाही. दुसरी, विंडोजचं जॉब ऑब्जेक्ट, म्हणजे एका गटात टाकलेल्या प्रक्रिया गट बंद होताच सगळ्या जातात. हे भक्कम आहे, पण आमच्यापैकी कुणी ते कधी हाताळलेलं नव्हतं. तिसरी, बॅच फाइलच काढून टाकायची आणि ती जे पाथ लावत होती ते मुख्य प्रोग्रॅमने स्वतः लावून द्यायचे. आम्ही तिसरी घेतली. मधला दुवाच गेला की मारलेली प्रक्रिया तीच असते जी मारायची होती.

ठरवायला सोपं होतं, करायला नाही. काही शाखांमध्ये स्थानिक माणसांनी त्या बॅच फाइलीत आपल्या सर्व्हरचा पाथ हाताने घातला होता. तो एकेक करून सेटिंगमध्ये हलवावा लागला. रिलीज एक आठवडा पुढे गेलं आणि त्याचं उत्तर टीमलीडनी वर जाऊन दिलं, आमच्यावर ढकललं नाही. त्याबद्दल त्यांचे आभार.

निष्पत्ती

रात्रीची फेरी त्यानंतर या कारणाने अडकलेली नाही. उतारा काढताना हँग होण्याच्या तक्रारी नव्या आवृत्तीच्या शाखांमधून थांबल्या. एका शाखेतून तरीही आली. तिथे खरोखरच डिस्क भरलेली होती, आणि ३० सेकंदांनंतर येणाऱ्या निरोपामुळे ती त्याच दिवशी कळली.

लिनक्सवर आता उताऱ्याच्या टेस्ट दोनदा चालतात: एकदा नेहमीसारख्या, एकदा पाइप ४०९६ बाइटचा आणि कोडपेज १२५२ ठेवून. विंडोजची पूर्ण बरोबरी त्याने होत नाही, बॅच फाइलीचा दोष त्यात दिसलाच नसता. पण लॅपटॉपवर बसल्या बसल्या अर्धं तरी दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

जॉबची मर्यादा आणि फॉल्टहँडलरचे १२० सेकंद, दोन्ही मिळून सेटिंगच्या दोन ओळी आहेत. त्या पहिल्या दिवसापासून असत्या तर पहिल्याच सकाळी स्टॅक हातात आला असता आणि अँटिव्हायरसमागे घालवलेले ४ दिवस वाचले असते. आता नवीन प्रकल्पात एकही टेस्ट लिहायच्या आधी मी या दोन ओळी घालते.

दिवसाची आणि रात्रीची फेरी वेगळ्या सेटिंगने चालवणं मला आजही पटतं, पण तो फरक कुठेतरी ठळक लिहिलेला हवा. आमच्याकडे तो एका फाइलीच्या तळाशी होता. आता प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला लॉगची पातळी, पायथनची आवृत्ती आणि प्रवाहांचं एन्कोडिंग छापलं जातं.

स्किपला माझा सरसकट विरोध नाही. ग्राहकच नसलेल्या मशीनवर मीही टेस्ट स्किप केल्या आहेत. मात्र स्किपच्या ओळीत कारण आणि पुन्हा तपासायची तारीख लिहायची, आणि ती तारीख उलटली की टेस्ट आपोआप लाल व्हायची, असं आम्ही यानंतर ठरवलं. त्या दिवशी टीमलीडनी दोन दिवस दिले नसते तर तारीख नसलेलं एक स्किप लागलं असतं, आणि शाखांना आम्ही अजून ‘बंद करून चालू करा’ सांगत असतो.

आणि सपोर्टच्या तक्रारी. त्या महिन्यांच्या यादीत ‘उतारा’ आणि ‘हँग’ हे शब्द एकत्र शोधायला मला १० मिनिटं लागली असती. मी ते शोधले बैठकीनंतर. आता रात्रीची फेरी कुठेही अडकली, की आधी मी ताईंच्या टेबलाशी जाते आणि त्या आठवड्यात कुठल्या शाखेतून काय आलंय ते विचारते.